कॉर्व्हेटचे दणके

१९८४ची शेव्हरोले कॉर्व्हेट आजही अमेरिकेत फार महाग न पडता मिळते. दिसायला देखणी, वळणावर पक्की, आणि बसायला? ज्याने चालवली आहे तो आधी कंबरेवर हात ठेवतो. त्या काळात मोटारींची मासिकं गोल मैदानावर गाडी फिरवून ती वळणाचा जोर किती सोसते हे मोजत आणि आकडा छापत. मुख्य अभियंता डेव्ह मॅक्लेलन यांच्या गटाने हा आकडा ०.९ जीच्या घरात नेला आणि त्याची किंमत प्रवाशांच्या मणक्याने मोजली. झेड५१ नावाचं जादा पॅकेज घेतलेली गाडी तर आणखीच कडक होती. तक्रारी इतक्या आल्या की १९८५च्या मॉडेलमध्ये कंपनीने स्वतःच साध्या गाडीचे पाटे पुढे-मागे साधारण पाव हिश्शाने मऊ केले.

म्हणजे ही गाडी मऊ करण्यात काही पाप नाही. कारखान्याने ते आधीच केलेलं आहे. पण जुनी गाडी घेणारे बहुतेक जण थेट पाट्याला हात घालतात, आणि माझ्या मते क्रम तिथेच चुकतो. चाळीस वर्षांच्या गाडीतला अर्धाअधिक त्रास मूळ कडकपणाचा नसतोच. तो म्हातारपणाचा आणि मधल्या मालकांच्या हौसेचा असतो. म्हणून सुरुवात जमिनीपासून करायची आणि वर वर जायचं. एका वेळी एकच बदल करायचा, आणि दर वेळी त्याच ओळखीच्या खराब रस्त्यावरून त्याच वेगाने जाऊन पाहायचं.

पहिली गोष्ट टायर. हवा दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेल्या आकड्याशी ताडून बघा, टायर थंड असताना. पुष्कळदा ती जास्तच निघते. आकड्याच्या खाली मात्र जायचं नाही. तिथे मऊपणा मिळतो तसा टायर तापतो आणि वळणावर लोळतो. मग टायरच्या कडेवरचा चार आकडी शिक्का वाचा. २३१४ म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. शिक्का तीनच आकडी असेल तर टायर २०००च्या आधीचा आहे. हौसेच्या गाड्या वर्षातून थोड्याच चालतात, त्यामुळे टायरची नक्षी कोरी करकरीत दिसते आणि आतलं रबर लाकूड झालेलं असतं. असा टायर धक्का गिळत नाही, पुढे ढकलतो. शिवाय पकडही गेलेली असते, म्हणजे तो बदलण्याला आरामापलीकडचंही कारण आहे. नुसते ताजे टायर घालून गाडी ओळखू येत नाही, असं अनेकदा घडतं.

टायरची उंचीही पाहायची. १९८४ला या गाडीत २५५/५० मापाचे सोळा इंची टायर होते, म्हणजे रिमपासून रस्त्यापर्यंत रबराची उंची साधारण १२७ मिलिमीटर. १९८८पासून २७५/४०चे सतरा इंची टायरही आले. त्यांची उंची ११० मिलिमीटर. सतरा मिलिमीटरचा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण खड्ड्याच्या कडेवर तेवढ्याच रबराने धक्का सोसायचा असतो. एखाद्याने नंतर हौसेने अठरा इंची रिम चढवले असतील तर मुकाट्याने मूळ मापावर यावं. मोठी ब्रेक डिस्क असेल तर लहान रिम तिच्यावरून बसतो का, एवढं आधी तपासायचं. १९९४पासून पंक्चर झाल्यावरही धावणारे टायर जादा पर्याय म्हणून मिळू लागले. त्यांची बाजू मुद्दाम जाड आणि ताठ असते, हवा नसताना गाडीचा भार तिनेच उचलायचा असतो. ते काढून साधे घातले की फरक लगेच कळतो. नंतरच्या पिढीच्या, म्हणजे १९९७पासूनच्या कॉर्व्हेटमध्ये स्टेपनीच नाही, तिथे मात्र साधे टायर घालायचे तर हवेचा पंप आणि पंक्चरचं सामान जवळ हवं.

टायरनंतर शॉकअप. पाटा किंवा स्प्रिंग धक्का साठवून ठेवते, शॉकअप तो जिरवतो. आतला पिस्टन बारीक छिद्रांतून तेल ढकलत असतो. इंजेक्शनच्या सिरिंजसारखं आहे हे: सावकाश दाबा, सहज जाते; झटक्याने दाबा, अडते. वळणावर गाडी कलते तेव्हा पिस्टन सावकाश हलतो, खड्ड्यात चाक आपटतं तेव्हा झटक्याने. चांगला शॉकअप सावकाश हालचालीला अटकाव करतो आणि झटक्याच्या वेळी झडप उघडून तेलाला वाट देतो. स्वस्तातला किंवा शर्यतीसाठी घेतलेला ताठ शॉकअप ही वाट देत नाही, आणि मग दणका सरळ बैठकीत येतो.

इथे एक उलटी गोष्ट घडते, ती लक्षात घेण्यासारखी आहे. गाडी वर येताना शॉकअप फार अडवत असेल, तर एकामागोमाग खड्ड्यांवर चाकाला पुरतं खाली यायला वेळच मिळत नाही. प्रत्येक खड्ड्यागणिक गाडी थोडी थोडी खाली बसत जाते आणि शेवटी चालीच्या टोकाला असलेल्या रबरी गुटक्यावर टेकते. मग मालक म्हणतो, पाटा कडक आहे. पाटा बिचारा नीट काम करायला मोकळाच नसतो. आणि शॉकअप मेलेला असेल, गॅस गेलेला असेल, तरीही गाडी त्याच गुटक्यावर आपटते. दोन टोकांचे दोष, तक्रार एकच. १९८९ला आलेल्या एफएक्स३ प्रकारात शॉकअपच्या डोक्यावर छोटी मोटर असते आणि टूरिंग, स्पोर्ट, परफॉर्मन्स अशा तीन जागांची कळ असते. कळ टूरिंगवर ठेवूनही फरक जाणवत नसेल तर मोटर फिरते आहे का ते आधी बघायचं.

गुटक्यांचा विषय निघालाच आहे तर गाडीची उंचीही मोजा. या गाडीचा मागचा पाटा आडवा, आणि त्याची टोकं लांब बोल्टने चाकाच्या भागाला टांगलेली. बोल्ट जास्त लांब घातला की मागची बाजू खाली बसते. दोन बोल्टचं काम, म्हणून पुष्कळांनी ते केलेलं आहे. पण गाडी जितकी खाली, तितकी चाकाला वर जायला जागा कमी. मूळ मापाचे बोल्ट परत घालणं हा माझ्या मते या गाडीवरचा सगळ्यात स्वस्त आणि दुर्लक्षित उपाय आहे.

आता पाटा. आपल्या ट्रकला स्टीलच्या पट्ट्यांची चळत असते. इथे काचतंतू आणि रेझिनचा एकच पाटा, गाडीच्या आडवा. १९८१ला कॉर्व्हेटच्या मागे तो पहिल्यांदा आला, स्टीलच्या पाट्यापेक्षा जवळपास पाचपट हलका. १९८४ला पुढेही बसला. तो गंजत नाही, सहसा बसतही नाही, म्हणून जुना झाला एवढ्यासाठी बदलायची गरज नाही. बदलायचा तर मऊ हवा म्हणूनच, आणि त्यासाठी पुढच्या वर्षांच्या साध्या गाड्यांचे पाटे उपलब्ध असतात.

किती मऊ, हे गणित सोपं आहे. गाडी वरखाली किती वेळा डोलते हे कडकपणाच्या वर्गमुळावर ठरतं. पाटा पाव हिश्शाने मऊ केला तर डोलण्याचा वेग फक्त तेरा टक्क्यांनी उतरतो. म्हणजे १९८५चा बदल ऐकायला मोठा, अंगाला मध्यम. पाटा मऊ झाला की शॉकअपही त्याच प्रमाणात हलका हवा, नाहीतर वरची गुटक्याची गोष्ट पुन्हा सुरू होते.

आणि पुढचा-मागचा मेळ बिघडवायचा नाही. रोल्स-रॉइसमधून १९३०च्या सुमारास जनरल मोटर्सकडे आलेले मॉरिस ऑली यांनी हे शोधून ठेवलं होतं. पहिल्या, १९५३च्या कॉर्व्हेटची चासीही त्यांच्याच हाताखाली झाली. खड्डा आधी पुढच्या चाकाला लागतो, मग मागच्या. या गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर सुमारे २.४४ मीटर, ताशी ६० किलोमीटरला हे अंतर कापायला साधारण ०.१५ सेकंद लागतो. मागची बाजू पुढच्यापेक्षा किंचित जलद डोलत असेल तर ती उशिरा सुरू होऊनही पुढच्याला गाठते, आणि गाडी होडीसारखी पुढे-मागे न झुलता सपाट वरखाली होते. म्हणून नुसता मागचा पाटा मऊ करून ‘थोडं सुधारलं’ म्हणू नये. पाटे जोडीने निवडावे. पुढचा पाटा काढणं घरच्या जॅकवर करायचं काम नाही. दाबलेल्या पाट्यात हात मोडण्याइतका जोर असतो. गॅरेजलाच द्यावं.

काही दणके तर चाकांकडून येतच नाहीत. या गाडीचं छत उचलून काढता येतं, चार बोल्टवर बसतं, आणि गाडीचा ताठपणा राखायला त्याचा हातभार असतो. छत काढून चाललं की सांगाडा पिळवटतो, काच थरथरते, दारं करकरतात, आणि अंगाला वाटतं सस्पेन्शन कडक आहे. १९८६च्या उघड्या मॉडेलला कंपनीने खालून एक्सच्या आकाराची जोडपट्टी दिली ती याचसाठी. बोल्ट नीट आवळून छत लावा आणि तोच रस्ता पुन्हा चालवून बघा.

राहिले बुश, म्हणजे सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबरी तुकडे. मधल्या एखाद्या मालकाने रबराच्या जागी ताठ पॉलियुरेथेनचे घातले असतील तर परत रबरी घाला. पण रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना आवळायचे नाहीत. रबर त्या लटकत्या स्थितीत पक्कं होतं, आणि गाडी खाली आली की कायम पिळलेलं राहतं. त्यामुळे नवा बुश जुन्यापेक्षा कडक लागतो आणि लवकर फाटतो. चाकांवर पूर्ण वजन द्यायचं, गाडी दोन-चारदा दाबून बसवायची, मग आवळायचं. थोडी चालवून उंची पुन्हा मोजायची आणि त्यानंतरच अलाइनमेंटला न्यायची.