क्लोरँट्रानिलिप्रोलमधली नीळ

मोताळा तालुक्यातल्या धामणगाव बढेच्या शिवारात कपाशीला पात्या लागल्या, की कृषी केंद्रांवरची वर्दळ वाढते. मावा, तुडतुडे, बोंडअळी, प्रत्येकाची तक्रार वेगळी आणि प्रत्येकासाठी बाटली वेगळी. बाटलीवर ठसठशीत छापलेलं असतं ते कंपनीने ठेवलेलं, तोंडात सहज बसणारं नाव. त्याखाली बारीक अक्षरांत दुसरं नाव असतं. दुकानात त्याला ‘टेक्निकल’ म्हणतात. इमिडाक्लोप्रिड, प्रोफेनोफॉस, लॅम्डा सायहॅलोथ्रिन, इमामेक्टिन बेंझोएट, आणि या सगळ्यांवर कडी करणारं क्लोरँट्रानिलिप्रोल. इंग्रजीत लिहिलं तर त्यात 19 अक्षरं भरतात.

हे नाव वाचताना जीभ अडखळते, म्हणून बहुतेक जण ते सोडून देतात. खरं तर बाटलीवरची सगळ्यात कामाची माहिती तिथेच असते. ब्रँड दर कंपनीचा वेगळा असतो, पण टेक्निकल एकच राहतं आणि ते जगभर चालतं. त्यातली अक्षरंही कुणी मनाला येईल तशी जुळवलेली नसतात. नावाचं शेपूट बघितलं, की आडनावावरून घराणं कळावं तसं औषधाचं कूळ कळतं.

क्लोरँट्रानिलिप्रोलच फोडून पाहू. सुरुवातीचं ‘क्लोर’ म्हणजे क्लोरीन. ग्रीक भाषेत ‘क्लोरोस’ म्हणजे फिकट हिरवा, त्या वायूच्या रंगावरून पडलेलं नाव. मधलं ‘अँट्रानिलि’ आलंय अँथ्रानिलिक आम्लावरून. त्यातलं ‘अँथ्रा’ म्हणजे कोळसा, तेही ग्रीक. आणि ‘अनिल’? युरोपात अनिल म्हणत नीळ देणाऱ्या झाडाला. पोर्तुगीजांनी तो शब्द अरबांकडून घेतला, अरबांकडे ‘अन्-नील’ होता आणि त्याच्याही मागे आपला संस्कृत ‘नील’. एकोणिसाव्या शतकात रसायनशास्त्रज्ञांनी निळीचं विघटन करून हे आम्ल पहिल्यांदा मिळवलं, म्हणून निळीचं नाव त्याला चिकटलं. आज आपला शेतकरी बोंडअळीवर जे औषध फवारतो, त्याच्या नावाच्या पोटात इथूनच गेलेला शब्द बसलाय! हे औषध अळीच्या स्नायूंमधलं कॅल्शियम बेताल सोडायला लावतं. स्नायू आखडतात, अळीचं खाणं थांबतं आणि मग ती मरते. सायँट्रानिलिप्रोल आणि टेट्रानिलिप्रोल ही त्याचीच भावंडं.

‘थ्रिन’वर संपणारी नावं फुलांच्या घरातली आहेत. शेवंतीच्या कुळात पायरेथ्रम नावाचं पांढरं फूल आहे. त्यातलं द्रव्य कीटकांना मारतं, पण उन्हात लगेच विरतं. इंग्लंडच्या रोथॅमस्टेड संशोधन केंद्रात मायकेल एलियट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या रेणूची नक्कल करत, उन्हात टिकतील असे रेणू घडवले. परमेथ्रिन, सायपरमेथ्रिन आणि डेल्टामेथ्रिन हे तिन्ही त्यांचेच. ‘मेक्टिन’ची गोष्ट मातीतली. जपानच्या सातोशी ओमुरांनी तिथल्या मातीतून एक जीवाणू वेगळा केला, त्याच्यापासून ॲव्हर्मेक्टिन मिळालं. मधलं ‘व्हर्म’ म्हणजे लॅटिनमधला किडा. जनावरांना जंतासाठी देतात ते आयव्हरमेक्टिन आणि कपाशीवरचं इमामेक्टिन एकाच कुळातले. त्या शोधासाठी ओमुरांना विल्यम कँपबेल यांच्यासह 2015 चं नोबेल मिळालं.

बुरशीनाशकांमध्ये ‘कोनाझोल’ शोधा. टेब्युकोनाझोल, हेक्झाकोनाझोल, प्रोपिकोनाझोल पिकावर फवारतात. तीच अक्षरं नायट्यावरच्या केटोकोनाझोलच्या मलमावर आणि फ्लुकोनाझोलच्या गोळीवरही आहेत. पानावरची बुरशी असो की कातडीवरची, तिच्या पेशीचं आवरण घडण्यातली एकच पायरी ही सगळी औषधं अडवतात.

आता खिशाशी संबंध असलेली गोष्ट. इमिडाक्लोप्रिडने तुडतुडे मरेनात म्हणून शेतकरी दुकान बदलतो, महागाची बाटली घेतो आणि तिच्यावर असतं ॲसिटामिप्रिड. दोन्हींच्या शेवटी ‘प्रिड’. दोन्ही तंबाखूतल्या निकोटिनसारखी कीटकाच्या मज्जातंतूंवर एकाच जागी काम करतात. एकाला सरावलेली कीड दुसऱ्यालाही बऱ्याचदा दाद देत नाही. नाव नवं, पैसे नवे, औषधाचं कूळ मात्र जुनंच. अर्थात शेपूट दर वेळी सगळं सांगेलच असं नाही. थायामेथोक्झाममध्ये ‘प्रिड’ कुठेच नाही, तरी ते याच निकोटिनच्या गोतावळ्यातलं आहे. म्हणून कीटकनाशकांच्या गटांना क्रमांकही दिलेले आहेत: प्रिड आणि थायामेथोक्झाम 4ए, थ्रिन 3ए, फॉस 1बी, मेक्टिन 6, आणि आपलं निळीचं नाव असलेलं घराणं 28. पुढची फवारणी वेगळ्या क्रमांकाची असावी, एवढं पाहिलं तरी खूप झालं.

‘फॉस’कडे मात्र जास्त लक्ष हवं. फॉस्फरस म्हणजे ग्रीकमध्ये प्रकाश आणणारा. हॅम्बुर्गच्या हेनिग ब्रँडला तो 1669 मध्ये मूत्र आटवताना सापडला आणि अंधारात चमकला. नाव इतकं सुंदर, पण मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस या घराण्याची औषधं कीटकाच्या नसांमधलं जे विकर बंद पाडतात, तेच विकर माणसाच्या नसांमध्येही असतं. घाम, लाळ, बारीक झालेल्या बाहुल्या, धाप ही त्याची लक्षणं. यावर डॉक्टर ॲट्रोपिन देतात. थ्रिनच्या विषबाधेचा उपचार वेगळा असतो. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते विदर्भ विसरलेला नाही.

तेव्हा दुकानात ‘चांगलं औषध द्या’ म्हणण्याआधी टेक्निकल विचारा, बिलावर ते लिहून घ्या, आणि घरातलं शाळेत जाणारं पोर असेल तर त्याच्याकडून लेबल मोठ्याने वाचून घ्या. फवारताना कुणाला चक्कर आली, मळमळलं, तर त्याला ताबडतोब दवाखान्यात न्या आणि बाटली सोबत घ्यायला विसरू नका. डॉक्टरांना ब्रँड नाही, ते बारीक अक्षरांतलं नाव लागतं.