शेपर्डच्या वाटेतली नावडती मंडळी

कॅनडातल्या बायोवेअर स्टुडिओच्या ‘मास इफेक्ट’ त्रयीत (२००७, २०१०, २०१२) कमांडर शेपर्ड होऊन आपण आकाशगंगा वाचवतो. वाटेत भेटणारी ही मंडळी मात्र अनेक खेळाडूंच्या डोक्यात जातात.

■ काय लेंग : तलवारधारी मारेकरी. थेसिया ग्रहावरच्या लढतीत त्याला कितीही लोळवा, पुढच्या दृश्यात सरशी त्याचीच! राग पात्रापेक्षा पटकथेवर जास्त.

■ डोनेल उडिना : मानवांचा राजदूत. कपाळावर कायम आठी. तिसऱ्या भागात थेट फितुरी.

■ ट्युरियन कौन्सिलर : परग्रहवासी ट्युरियनांचा प्रतिनिधी. आकाशगंगेवर चालून येणाऱ्या ‘रीपर’ यंत्रांचं नाव घेताना बोटांनी हवेत अवतरणचिन्हं काढतो. ही एकच लकब त्याला मीममध्ये अमर करून गेली.

■ जेकब टेलर : शेपर्डचा साथीदार. दुसऱ्या भागात त्याच्याशी सूत जुळवलंत, तरी तिसऱ्यात तो दुसरीबरोबर संसार थाटायला निघालेला.

■ खलिसा अल-जिलानी : खोचक प्रश्न विचारणारी वार्ताहर. तिला ठोसा लगावायची सोय खेळातच आहे. आधी मारला असेल, तर तिसऱ्या भागात बाई तो चुकवायला शिकलेली असते!