‘आढळले नाही’ लिहिण्याआधी

२०१०च्या हंगामात महाराष्ट्रातून युरोपात गेलेल्या द्राक्षांचे कंटेनर अडकले ते क्लोरमेक्वाट क्लोराइडमुळे. द्राक्षपट्ट्यात एवढं लांबलचक नाव कुणी घेत नाही; ‘सीसीसी’ म्हटलं की पुरतं. छाटणीनंतर वेलीचा शेंडा आवरावा, काडीत घड धरावा म्हणून ते वापरलं जाई. युरोपात द्राक्षातल्या त्याच्या अंशाची मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम. माल निघण्याआधी प्रयोगशाळांतून तपासला गेला होता आणि त्याला प्रमाणपत्रंही मिळाली होती. ती प्रमाणपत्रं खोटी नव्हती. तपासायच्या रसायनांच्या यादीतच सीसीसी नव्हतं, त्यामुळे त्याच्याबद्दल ती काहीच सांगत नव्हती. बागायतदार मात्र ती ‘माल स्वच्छ आहे’ अशीच वाचत होते आणि त्यांचंही काही चुकत नव्हतं.

यादी अपुरी होती, असं म्हणून हा विषय संपवता येतो. पण त्यात रसायनशास्त्राची एक मेख आहे आणि अशा तपासणीसाठी लागणाऱ्या क्रोमॅटोग्राफी व मास स्पेक्ट्रोमेट्रीच्या प्रशिक्षणाचा खरा मुद्दा त्या मेखेतच आहे. द्राक्षातले कीटकनाशकांचे अंश एकाच झटक्यात काढण्यासाठी आपल्याकडे रूढ झालेल्या पद्धतीत द्राक्षांचा लगदा इथिल अॅसिटेटमध्ये घुसळतात. शेकडो रसायनं लगद्यातून त्या द्रावकात उतरतात. सीसीसी उतरत नाही. त्याच्या रेणूवर कायमचा धनभार असतो, त्यामुळे ते पाण्याला चिकटून राहतं. म्हणजे यादीत ते नाव नुसतं वाढवून नेहमीचाच अर्क कोट्यवधी रुपयांच्या यंत्राला पाजला असता, तरी अहवालात ‘आढळले नाही’ असंच छापून आलं असतं. सीसीसीसाठी अर्क वेगळा काढावा लागतो, कॉलम वेगळा लागतो. हे यंत्र सांगत नाही. ते यंत्रासमोर बसलेल्या माणसाला ठाऊक असावं लागतं.

माझं म्हणणं एवढंच आहे : या विद्येचं प्रशिक्षण यंत्र चालवायला शिकवण्यासाठी नसतं. यंत्रानं दिलेल्या उत्तरावर, त्यातही नकारार्थी उत्तरावर, सही केव्हा करू नये हे शिकवण्यासाठी ते असतं. बाजारात मिळतात ते अभ्यासक्रम बहुतेक पहिल्या प्रकारचे. चार-पाच दिवस, एक फाइल, शेवटी प्रमाणपत्र आणि गटाचा फोटो.

पुण्याजवळ मांजरीला १९९७ साली सुरू झालेलं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र या दृष्टीनं पाहण्यासारखं आहे. २००३मध्ये नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत मेथोमिल सापडलं आणि निर्यातच धोक्यात आली. त्यानंतर ‘अपेडा’ या केंद्राच्या कृषी-निर्यात प्राधिकरणानं अंश-तपासणीची देशव्यापी व्यवस्था उभी केली आणि मांजरीची प्रयोगशाळा तिची राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा झाली. नमुने तपासण्याइतकंच इतर प्रयोगशाळांच्या विश्लेषकांना शिकवणं आणि त्यांची प्रवीणता पारखणं हेही तिचं काम आहे. अशी जागा लागते, कारण ही विद्या पुस्तकातून पुरती हाती येत नाही. तत्त्व एका तासात सांगून होतं. मिश्रण कॉलममधून जाताना त्यातले घटक वेगवेगळ्या वेगानं सुटतात. सुटलेल्या घटकाला विद्युतभार देऊन त्याच्या वस्तुमानावरून तो ओळखायचा. मिखाइल त्स्वेतनं विसाव्या शतकाच्या आरंभी पानांतली रंगद्रव्यं खडूच्या भुकटीतून गाळून वेगळी केली, तेव्हापासून पहिला भाग माहीत आहे. दोन्ही भागांची जोडणी १९५०च्या दशकातली. अवघड आहे ते पुढचं.

उदाहरण म्हणून सकाळची पहिली पंधरा मिनिटं घ्या. चांगला शिक्षक जीसी-एमएससमोर, म्हणजे वायू-क्रोमॅटोग्राफ जोडलेल्या मास स्पेक्ट्रोमीटरसमोर, नवख्याला बसवतो आणि नमुना हातात देण्याआधी वस्तुमानाचे तीन आकडे बघायला लावतो : १८, २८, ३२. पाणी, नायट्रोजन, ऑक्सिजन. २८ आणि ३२ हे साधारण चारास एक अशा प्रमाणात चढलेले दिसले, तर ती बाहेरची हवा आहे. कुठंतरी गळती आहे. नुसतं १८ मोठं असेल तर यंत्र नुकतंच उघडून बंद केलेलं असावं, पंपाला वेळ द्या. गळती शोधायला एकेका सांध्यावर आर्गॉनचा बारीक फवारा सोडायचा आणि पडद्यावर ४० हा आकडा कधी उसळतो ते बघायचं. पुष्कळदा दोष निघतो तो ओव्हन तापून-थंडावून सैल झालेल्या फेरूलचा (सांध्यातल्या कड्याचा), म्हणजे पाव फेरा पाना फिरवण्याचा. पुढे २०७ दिसला तर कॉलम झिजतोय, १४९ दिसला तर कुठल्या तरी प्लॅस्टिकचं थॅलेट उतरलंय, हे हळूहळू डोळ्यांना कळू लागतं. औषध कंपनीच्या एचपीएलसीवरून, म्हणजे द्रव-क्रोमॅटोग्राफवरून, आलेल्या हातांना आणखी एक सवय मोडावी लागते. तिथला नेहमीचा फॉस्फेट बफर एलसी-एमएसमध्ये, म्हणजे त्याला मास स्पेक्ट्रोमीटर जोडला की, चालत नाही. तो उडून जात नाही, आयन तयार होतात त्या सोर्समध्ये मिठासारखा थर धरतो. त्याऐवजी अमोनियम फॉर्मेट लागतं.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की, हे सगळं जुन्या यंत्रांचं दुखणं आहे. नवी यंत्रं स्वतःच ट्यून होतात, सॉफ्टवेअर संयुगाचं नाव सांगतं, आणि उच्च-विभेदन यंत्रं वस्तुमान दशांशाच्या चौथ्या स्थानापर्यंत मोजतात. मग चूक होईल कुठून? मेटफॉर्मिनचं प्रकरण याचं उत्तर देतं. मधुमेहाच्या या औषधात एनडीएमए हे कर्कजनक मानलं जाणारं द्रव्य किती आहे, हे एका खाजगी प्रयोगशाळेनं असल्याच यंत्रावर मोजलं होतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं, म्हणजे एफडीएनं, २०२०मध्ये त्या मोजणीची फेरतपासणी केली तेव्हा काही आकडे फुगलेले निघाले. एनडीएमएचा आयन ७५.०५५३ला येतो. डीएमएफ हा साधा द्रावकही कॉलममधून त्याच सुमारास बाहेर पडतो आणि जड नायट्रोजन असलेला त्याचा आयन येतो ७५.०५७१ला. वस्तुमान जुळवण्याची खिडकी जरा रुंद ठेवली की दोघेही एकाच नावावर जमा होतात. यंत्र पुरेसं सूक्ष्म होतं. खिडकी किती ठेवायची आणि शेजारी कोण येऊ शकतो, हे ठरवणं माणसाकडे होतं. रॅनिटिडिन या दुसऱ्या औषधाची गोष्ट त्याच्या आदल्या वर्षाची. तिथं पहिल्या चाचणीत नमुना इतका तापवला गेला होता की त्या उष्णतेनंच औषधातून एनडीएमए तयार होत होतं. पुढे साठवणुकीतही ते वाढत असल्याचं दिसलं आणि एप्रिल २०२०मध्ये एफडीएनं औषध बाजारातून काढायला लावलं. काळजी खरी होती, पहिले आकडे मात्र अवाच्या सवा होते. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात, आणि विश्लेषकाला त्या वेगवेगळ्या धरता आल्या पाहिजेत.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. माणसाच्या जाणतेपणावर विसंबायचं कशाला? लिखित कार्यपद्धती आहे, आयएसओ १७०२५चं मानांकन आहे. रिकव्हरी, म्हणजे घातलेल्या मात्रेपैकी परत मोजला गेलेला वाटा, ७० ते १२० टक्क्यांत हवी, दोन आयनांचं गुणोत्तर ३० टक्क्यांच्या आत जुळावं, असे निकष आहेत. ते पाळले की झालं. हे निकष नसते तर अनागोंदीच माजली असती, हे मान्य आहे. पण निकष पाळता येतात तसे ‘बसवता’ही येतात. पीकच्या, म्हणजे आलेखात उमटणाऱ्या शिखराच्या, पायथ्याची रेघ माउसनं किंचित वर ओढली की आकडा मर्यादेत बसतो, किंचित खाली ओढली की बाहेर. कधीकधी हातानं रेघ ओढणं योग्यच असतं. केव्हा योग्य आणि केव्हा लबाडी, हे शंभर क्रोमॅटोग्राम जाणत्या माणसाशेजारी बसून वाचल्याशिवाय कळत नाही. एफडीएला २०१८च्या मार्गदर्शिकेत असंही बजावावं लागलं की, खऱ्या नमुन्याचे ‘चाचणी रन’ करून मनाजोगतं उत्तर येईपर्यंत थांबण्याची पद्धत चालणार नाही. कागदावरची कार्यपद्धती तिथंही होतीच.

शिवाय सगळे निकष पार करूनही आकडा चुकू शकतो, याचा अनुभव प्रशिक्षणातच यायला हवा. सोपा पाठ आहे. एकाच कीटकनाशकाची तेवढीच मात्रा एकदा शुद्ध द्रावकात आणि एकदा अंशमुक्त द्राक्षांच्या अर्कात घालून एलसी-एमएसवर चालवायची. अर्कातली साखर, आम्लं, रंगद्रव्यं आयनीकरणात आडवी येतात आणि पीक बुटकं होतं. मोजणीची पट्टी (कॅलिब्रेशन) शुद्ध द्रावकात आखलेली असेल तर खरा अंश कमी दिसणार. हे व्याख्यानात ऐकलेला माणूस विसरतो; स्वतःच्या हातची दोन पीकं शेजारी ठेवून पाहिलेला विसरत नाही.

राहिला पैशाचा प्रश्न, आणि तो खोटा नाही. यंत्र दिवसभर नमुन्यांवर चाललं तर कमाई. शिकणाऱ्यांनी उघडून बसवलं तर खर्च. हंगामात तर जानेवारीपासून नमुन्यांची रांग लागलेली असते. आणि शिकवलेला मुलगा दोन वर्षांत जास्त पगारावर दुसरीकडे जातो, ही प्रयोगशाळाचालकांची तक्रार सर्रास ऐकू येते. यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, पण दोन गोष्टी स्वस्तात होण्यासारख्या आहेत. बिघाडाचा पाठ नव्या यंत्रावर द्यायची गरज नाही. सेवा-करार संपलेलं जुनं जीसी त्यासाठी उत्तम, कारण त्याला रोज काहीतरी होतंच. आणि प्रवीणता चाचणीचा नमुना आला की तो प्रयोगशाळेतल्या सर्वांत तरबेज माणसाकडे जातो, काम दोन-तीनदा होतं, निकाल छान येतो, ही पळवाट बंद करावी. मात्रा ठाऊक असलेला नमुना नाव बदलून रोजच्या रांगेत सरकवून द्यावा, ज्याची पाळी असेल त्यानं तो करावा, आणि त्यात अधूनमधून सीसीसीसारखं, नेहमीच्या अर्कात न उतरणारं काहीतरी असावं. त्यावर कुणी मुकाट्यानं ‘आढळले नाही’ लिहिलं आणि कुणी ‘या पद्धतीनं हे तपासता येत नाही’ असं कळवलं, एवढ्यावरून पुढच्या प्रशिक्षणाला कुणाला पाठवायचं ते ठरवता येईल.