बाफला आधी उकडायचा का?

मुलांना बेकिंग शिकवायचं म्हटलं की बहुतेक घरांत केकचं तयार मिश्रण येतं. पाकीट फोडायचं, दूध ओतायचं, ढवळायचं, ओव्हन लावायचा. मुलं खूश होतात, पण मोजण्याचं, ठरवण्याचं सगळं काम पाकीटवाल्यानं आधीच उरकलेलं असतं. इंदूरच्या घरात याहून कितीतरी भरीव धडा रविवारच्या दाल-बाफल्यात, म्हणजे डाळीसोबत खायच्या, आधी उकळून मग भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांत आहे. शहरातल्या राजेंद्रनगरच्या मराठी घरांनीही माळव्याचा हा पदार्थ केव्हाच आपलासा केला. गोवऱ्यांच्या आराच्या जागी गॅसवरचा तंदूर आला, एवढंच.

सुरुवात पिठापासून करावी. बाफल्याला पोळीची मऊ कणीक चालत नाही, जाडसर दळून आणावी लागते. दोन्ही पिठं मुलाला चिमटीत चोळायला द्या. मग गव्हाची गोष्ट सांगता येते. माळव्याचा कठिया गहू टणक आणि पिवळसर. इटलीतला पास्ता याच जातकुळीच्या गव्हाचा. इंदुरातच भारतीय कृषी संशोधन संस्थेचं प्रादेशिक केंद्र १९५१ पासून गव्हावर काम करतं, आणि ‘पूसा मंगल’, ‘पूसा तेजस’ हे कठिया वाण तिथलेच.

चार वाट्या कणकेला एक वाटी मक्याचं पीठ, ओवा, हळद, मीठ, चिमूटभर सोडा आणि तुपाचं मोहन. मोहन पुरेसं झालं की नाही, हे वाटीवरून नव्हे तर मुठीवरून ठरतं: पिठाचा मुटका वळला पाहिजे. हा निर्णय मुलालाच घेऊ द्यावा. मग पाणी घालून मळावं आणि गोळे वळावेत. ते मात्र उकळत्या पाण्यात मोठ्यांनी सोडावेत.

आता खरी गंमत. गोळे तळाशी बसतात आणि दहा-पंधरा मिनिटांत वर येतात. का? पिठातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो, आत अडकलेली हवा आणि सोड्याचा वायू प्रसरण पावतो, आकार वाढतो आणि गोळा पाण्याहून हलका ठरतो. घरात स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर पाण्याचं तापमान पाहावं. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच, त्यामुळे पाणी शंभराच्या थोडं आधी, सुमारे ९८ अंशांनाच उकळतं. उकळतं पाणी त्याहून तापत नाही, म्हणूनच कितीही वेळ उकळला तरी बाफला फिकटच राहतो. खरपूस तांबूस रंगासाठी पृष्ठभाग सुकून साधारण १४० अंशांवर जावा लागतो, आणि ते तंदुरातच होतं. त्याच कणकेचे दोन गोळे न उकडता भाजून पाहावेत: ती झाली बाटी. दोन्ही फोडून शेजारी ठेवा. बाटी भुसभुशीत, बाफला आतून लुसलुशीत. पोलंडमधल्या ज्यूंचा बेगलही असाच आधी उकळून मग भाजतात, हे ऐकून मुलांना नकाशा उघडावासा वाटतो.

दिवाळीत नानकटाई करावी. इथे धडा मापाचा. थंडी पडू लागलेली, तूप थिजलेलं. ‘पाऊण वाटी तूप’ म्हणजे पातळ, थिजलेलं की फेसलेलं? फेसल्यावर हवा शिरते आणि तेच तूप जास्त जागा घेतं. वजन मात्र तेवढंच. काट्यावर ग्रॅम मोजायचे ते यासाठी. आणि कृती निम्मी करायची असेल तर पाऊण कपाचं निम्मं किती? एका कपात सोळा मोठे चमचे, म्हणजे पाऊण कपात बारा आणि निम्म्यात सहा. अपूर्णांकांना कंटाळणारी मुलं इथे स्वतःहून हिशेब मांडतात, कारण चुकलं तर नानकटाई पसरते.

स्वयंपाकातून शिकवणं नवं नाही. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्युईनं १८९६ मध्ये शिकागोत काढलेल्या प्रयोगशील शाळेत स्वयंपाक हा अभ्यासाचाच भाग होता. १९३७ च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षण मांडलं. आपल्याकडे तरीही मुलगा ओट्याजवळ आला की ‘तू अभ्यास कर’ असं सांगून त्याला परत पाठवतात. हे थांबायला हवं, मुलींइतकंच मुलांसाठीही. पाच-सहा वर्षांच्या मुलाला गोळे वळू द्या, आठ-नऊच्या मुलाला मापं द्या; तापलेला तंदूर मोठ्यांच्या देखरेखीखालीच.

एक वही ठेवावी. किती पीठ, किती पाणी, किती मिनिटं, कसा रंग. प्रत्येक घरचा तंदूर वेगळा तापतो, म्हणून छापील वेळेपेक्षा ही वही कामाची. पुढच्या वेळी एकच गोष्ट बदलायची: मका कमी किंवा उकळायचा वेळ जास्त, दोन्ही एकदम नाही. आणि बाफले कडक झालेच तर ते कुटून, चाळून, तूप-गुळात चुरमा करायचा. किती गूळ, हेही मुलानंच चाखून ठरवावं.