सांधा सुजला, पण दुखणं छातीत

गोंदिया जिल्ह्यात घोडा आता बहुधा लग्नाच्या वरातीतच दिसतो. एकदोन घोड्यांवर ज्याचं घर चालतं, त्याला घोडीचं शिंगरू म्हणजे मोठा आधार. त्याचे पाय सुजले की वात भरला म्हणतात. मग कोणी बिब्बा लावायला सांगतं, कोणी तापल्या सळईचा डाग द्यायला.

दोन-तीन महिन्यांच्या शिंगराचे एकाहून अधिक सांधे, विशेषतः मागच्या पायांचे, एकदम फुगले आणि तरी ते फारसं न लंगडता आईमागे चालत असेल, तर दुखणं अनेकदा पायात नसतंच. ऱ्होडोकॉकस इक्वी हा जिवाणू लीद मिसळलेल्या मातीच्या धुळीतून, श्वासावाटे फुफ्फुसात जातो आणि तिथे गळवं करतो. १९२३ मध्ये स्वीडनच्या माग्नुसन यांनी तो शिंगरांच्या न्यूमोनियातून वेगळा केला. शरीर त्याच्याशी लढायला प्रतिपिंडं बनवतं. ती जिवाणूच्या अंशांना चिकटतात आणि हे पुंजके रक्तातून फिरत सांध्याच्या अस्तरात अडकून दाह करतात, असं मानलं जातं. सांध्यात जिवाणू सापडत नाही. या न्यूमोनियाच्या सुमारे एक तृतीयांश शिंगरांत अशी सूज आढळते. छातीचा उपचार, म्हणजे मॅक्रोलाइड गटातलं औषध आणि रिफाम्पिसिन, काही आठवडे चालला की सूज आपोआप उतरते. डागाने मात्र चांगल्या सांध्यावर जखम होते आणि छातीचा आजार वाढत राहतो.

याउलट, प्रत्येक सूज अशीच साधी समजणं जास्त घातक. नाळ पिकलेली असेल किंवा जन्मल्यावर पहिल्या काही तासांत चीक पोटात गेला नसेल, तर जिवाणू रक्तातून थेट सांध्यात उतरू शकतात. तेव्हा सांधा गरम लागतो, ताप येतो, शिंगरू पाय टेकत नाही. इथे एक दिवसही वाया घालवू नये, कूर्चा झपाट्याने नासते.

नुसत्या नजरेवर निवाडा नको. सांध्यातलं पाणी सुईने काढून तपासावं लागतं. निरोगी सांध्यात एका मायक्रोलिटरमध्ये पांढऱ्या पेशी साधारण हजाराच्या आतच असतात. जिवाणूंनी पछाडलेल्या सांध्यात त्या बहुधा तीस हजारांपुढे जातात. तपासणीआधीच सूज उतरवायला सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन देणं मला सगळ्यांत धोक्याचं वाटतं. आत जिवाणू असतील तर त्यांना मोकळं रान मिळतं.

वयात आलेल्या घोड्याला माणसासारखा आमवात होतो, हाही समज आहे. घोड्यांत असा आजार फार दुर्मीळ; त्याचं लंगडणं बहुतेकदा झीज किंवा इजेचं असतं.

शिंगराचे सांधे फुगलेले दिसले की त्याचा श्वास, खोकला आणि ताप पाहून पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावं. मोठ्या तपासणीसाठी नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. घरातलं उरलेलं प्रतिजैविक आधीच देऊ नये. त्यानंतर सांध्यातून काढलेल्या पाण्यात जिवाणू असूनही ते प्रयोगशाळेत अनेकदा वाढत नाहीत.