पैसा कधी लागणार?

पैशाचा विषय निघाला की आपल्या घरांत पहिला प्रश्न ठरलेला : ‘व्याज किती?’ येथे इंदूरातही आम्ही तोच ऐकत वाढलो. ‘हा पैसा लागणार कधी?’ असे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. आम्हीही ते विचारले नव्हते.

जानेवारी २००८ मध्ये मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक २१,००० च्या आसपास होता. त्या तेजीच्या दिवसांत आम्ही निर्देशांकाबरहुकूम चालणाऱ्या एका म्युच्युअल फंडात थोडी रक्कम गुंतविली आणि मोठ्या उत्साहाने शाळेतील एका सहकाऱ्यांनाही गुंतवावयास लावली. त्यांची रक्कम मुलीच्या लग्नासाठी राखलेली होती. पुढे अमेरिकेतील बँकांवर अरिष्ट आले. मार्च २००९ मध्ये निर्देशांक ८,२०० च्याही खाली उतरला, आणि लग्न नेमके त्याच फाल्गुनात! लाखाचे जेमतेम चाळीस हजार त्यांच्या हाती आले. त्यांनी आम्हांस एका शब्दानेही दोष दिला नाही. तेच आम्हांस अधिक लागले.

आम्हांस त्या पैशाची निकड नव्हती. ५ नोव्हेंबर २०१० रोजी, लक्ष्मीपूजनाच्या मुहूर्ताच्या व्यवहारात, निर्देशांक पुन्हा २१,००० वर बंद झाला आणि आमची रक्कम मूळपदावर आली. फंड तोच, भावही तोच. त्यांच्यापाशी वीस महिन्यांची सवड नव्हती, एवढेच.

याच्या उलट चूकही घरोघरी होते. वीस वर्षांनी लागणारा पैसा आपण एकेका वर्षाच्या मुदत ठेवीत फिरवीत राहतो. १९६८ साली सुरू झालेल्या पी.पी.एफ.ची पंधरा वर्षांची मुदत अनेकांस जाचक वाटते; आमच्या मते तोच तिचा मोठा गुण, कारण चालू हौसेसाठी हात सहजी पोहोचत नाही. तथापि तिचाही व्याजदर स्थिर नसतो. १९८६ नंतरची सुमारे चौदा वर्षे तो बारा टक्के होता, तेव्हा रक्कम सहा वर्षांत दुप्पट होई. एप्रिल २०२० मध्ये तो ७.१ वर आला, म्हणजे दुपटीस दहा वर्षे. जुन्या दराने म्हातारपणाचा हिशेब मांडणारे अजूनही भेटतात!

अलीकडे त्याच सहकाऱ्यांचे धाकटे चिरंजीव सल्ल्यासाठी आले. तीन वर्षांत घर घ्यावयाचे आहे, म्हणाले. घराचा पैसा बँकेच्या मुदत ठेवीत ठेवावा आणि निवृत्तीसाठी दरमहा जे उरेल तेवढेच शेअर फंडात घालावे, असे आम्ही सांगितले. वडील शेजारीच बसले होते. त्यांनी मान डोलावली.