कंदापासून गोळीपर्यंत : अल्झायमर आणि वनस्पतिजन्य द्रव्ये

अल्झायमरच्या रुग्णांना आज जी मोजकी औषधे दिली जातात, त्यांपैकी गॅलँटामिन आणि रिव्हास्टिग्मिन या दोहोंचे मूळ वनस्पतींमध्ये आहे. या विकारात ॲसिटिलकोलिन हे संदेशवाहक द्रव्य तयार करणाऱ्या मेंदूतील चेतापेशी हळूहळू नष्ट होत जातात, आणि उरलेल्या पेशींनी सोडलेले द्रव्य दोन पेशींमधल्या सूक्ष्म फटीत उतरताच ॲसिटिलकोलिनएस्टरेज हे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, त्याचे तुकडे करते. निरोगी मेंदूत हे तुकडे होणे आवश्यकच असते, परंतु पुरवठाच आटलेला असताना विकराला थोपवून धरले, तर आहे तेवढे द्रव्य अधिक काळ कामी येते.

गॅलँटामिन नेमके हेच करते. कॉकेशस पर्वतराजीत हिवाळा सरताना बर्फातून वर येणाऱ्या स्नोड्रॉप या पांढऱ्या, खाली मान घातलेल्या फुलाच्या कंदातून सोव्हिएत रसायनशास्त्रज्ञांनी 1950च्या दशकाच्या प्रारंभी ते वेगळे केले. पुढे बल्गेरियात दिमितर पास्कोव्ह यांनी त्याचे ‘निव्हालिन’ हे औषध घडवले, आणि पोलिओनंतर दुर्बळ राहिलेल्या स्नायूंसाठी ते वापरले जाऊ लागले. अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत ॲसिटिलकोलिनची उणीव असते, हे 1970च्या दशकात स्पष्ट झाल्यावर संशोधकांचे लक्ष या जुन्या औषधाकडे वळले, तरी अमेरिकेत त्याला या विकारासाठी मान्यता मिळण्यास 2001 साल उजाडावे लागले. कंदातील त्याचे प्रमाण अत्यल्प असल्यामुळे रानातील फुलांवर विसंबून जगाची गरज भागणे शक्य नव्हते. म्हणून ते आता प्रयोगशाळेतही बनवले जाते, आणि वेल्सच्या डोंगराळ भागात त्यासाठी डॅफोडिलची लागवडही झाली आहे.

रिव्हास्टिग्मिनचा पूर्वज याहून उग्र आहे. नायजेरियातील कॅलाबार परिसरात चेटूक केल्याचा आरोप असलेल्या व्यक्तीला एक विषारी बी खायला लावत आणि ती जगली तर निर्दोष मानत. त्या बीतून 1864 मध्ये हेच विकर रोखणारे फायसोस्टिग्मिन वेगळे करण्यात आले, आणि त्याच्या रेणूत फेरफार करून माणसाला सोसवेल असे हे औषध तयार झाले. मळमळ आणि उलट्या हे दोन्ही औषधांचे त्रास मात्र राहिलेच, कारण ॲसिटिलकोलिन आतड्यांच्या हालचालीही चालवते. शिवाय ही औषधे लक्षणे काही काळ सौम्य करतात, पेशींचा ऱ्हास थांबवत नाहीत, हे रुग्णाच्या घरच्यांना प्रारंभीच सांगितले गेले पाहिजे.

अल्झायमरवर हळद गुणकारी असल्याचे दावेही रुग्णांवरील परिणामाच्या कसोटीवर पाहावेत. सांगलीच्या बाजारपेठेत ज्या पिवळ्या रंगावरून हळदीचा दर्जा पाहिला जातो, त्यामागील कर्क्युमिन हे द्रव्य अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या अमायलॉइड प्रथिनाच्या गुठळ्या परीक्षानळीत रोखते खरे. पण पोटात गेल्यावर ते रक्तात फारच थोडे उतरते, जेवढे उतरते तेही यकृत झपाट्याने बदलून टाकते, आणि अल्झायमरच्या रुग्णांवरील लहान चाचण्यांत लाभ दिसलेला नाही. गिंको या वृक्षाच्या पानांचा अर्क तर अमेरिकेत 75 वर्षे व त्यावरील 3069 व्यक्तींवर अनेक वर्षे तपासला गेला, आणि त्याने स्मृतिभ्रंश टळत नसल्याचे 2008 मध्ये जाहीर झाले. ब्राह्मीच्या बाबतीत अडचण आणखी आधी सुरू होते : या नावाने नीरब्राह्मीही विकली जाते आणि मंडूकपर्णीही, दोन्हींची कुळे वेगळी आणि घटकद्रव्येही वेगळी, त्यामुळे एकीवरील प्रयोगाचा निष्कर्ष दुसरीच्या बाटलीवर छापता येत नाही.